जमेकाच्या बाजारांतील खाणें

इतिहास बहुधा दप्तरांवरून लिहिला जातो, आणि दप्तर ठेवण्याचा अधिकार बहुधा धन्याकडेच असतो. ज्यांना अक्षर शिकूं दिलें नाहीं, ज्यांचीं नांवें मळ्याच्या मालमत्तेच्या यादींत गुरांच्या शेजारीं लिहिलीं गेलीं, त्यांचा इतिहास कोठें शोधावा? वेस्ट इंडीजमधील जमेका बेटापुरतें पाहिलें, तर तो बाजारांत आणि रस्त्याच्या कडेला, खाण्याच्या जिनसांत, बराचसा सांपडतो असें आम्हांस वाटतें.

१६५५ सालीं इंग्रजांनीं हें बेट स्पेनकडून घेतलें. पुढील शतकांत तेथें उसाचे अफाट मळे उभे राहिले, व ते कसण्याकरितां आफ्रिकेंतून माणसें गुलाम करून आणण्यांत आलीं. या माणसांना खाऊं घालणें मळेवाल्यांस जड वाटे. तेव्हां त्यांनीं युक्ति काढली: उसाला निरुपयोगी अशी डोंगराळ जमीन गुलामांना तोडून द्यावयाची आणि तुमचें अन्न तुम्हीच पिकवा म्हणून सांगावयाचें. हा निव्वळ काटकसरीचा हिशेब होता. परंतु त्यांतून भलतेंच पीक आलें. रविवार व अधूनमधून मिळणारी शनिवारची सुटी एवढ्या वेळांत गुलामांनीं केळीं, रताळीं, कोनफळें पिकविलीं आणि उरलेला माल डोक्यावरून नेऊन रविवारच्या बाजारांत विकला. एडवर्ड लाँग हा स्वतः मळेवाला आणि गुलामगिरीचा कैवारी. पण बेटांतील चलनी नाण्यांपैकीं सुमारें पंचमांश गुलामांच्या हातीं आहेत, असा अंदाज त्यानेंच १७७४ च्या आपल्या इतिहासग्रंथांत दिला आहे. कायद्यानें जो स्वतःच मालमत्ता होता, त्याच्या कनवटीला पैसा खुळखुळूं लागला होता!

या व्यवस्थेची दुसरी बाजू भयंकर आहे. १७८० पासून लागोपाठ वादळें झालीं, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धामुळें तिकडून येणारी अन्नसामग्री आटली. १७८७ पर्यंत उपासमारीनें व त्यांतून उद्भवलेल्या रोगांनीं सुमारें १५,००० गुलाम मेले, असा अंदाज खुद्द जमेकाच्या विधिमंडळानें केला. आतां मळेवाल्यांस स्वस्त अन्नाची निकड भासली. ताहितीहून नीरफणसाचीं रोपें आणण्यासाठीं कॅप्टन ब्लाय याची रवानगी झाली. १७८९ मध्यें ‘बाउंटी’ जहाजावर बंड होऊन पहिला प्रयत्न फसला. १७९३ मध्यें दुसरा साधला. विशेष हें, कीं ज्यांच्यासाठीं हा खटाटोप, त्यांनीं तें फळ बराच काळ आवडीनें खाल्लें नाहीं. त्यांची भिस्त आपल्या केळीं-कोनफळांवरच राहिली. आज तोच नीरफणस निखाऱ्यांवर काळा होईतों भाजून जमेकांत मोठ्या चवीनें खातात.

खारवलेल्या मासळीचेंही तसेंच. उत्तर अमेरिकेंतून गुलामांकरितां येई तो कॉड मासा अगदीं हलक्या प्रतीचा. तो भिजवून, कुसकरून, कांदा-मिरचीसह पिठांत कालवून तळला, कीं ‘स्टँप अँड गो’ नांवाचीं भजीं होतात. मक्याच्या पिठांत नारळ व गोड घालून, केळीच्या पानांत बांधून उकडलेला ‘डकुनू’ आपलें नांव पश्चिम आफ्रिकेंतून घेऊन आला. कसाव्याची ‘बॅमी’ ही भाकरी तर बेटाच्या मूळच्या टायनो लोकांची. स्पॅनिश अमलांत त्या लोकांची धूळधाण झाली. पण कंद किसून, त्यांतील विषारी रस पिळून काढून भाकरी भाजण्याची त्यांची विद्या आफ्रिकन हातांत जगली.

१८३८ मध्यें गुलामगिरी पूर्णपणें संपली. बाजार चालूच राहिला, आणि तो मुख्यतः ‘हिग्लर’ म्हणविणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांनीं चालविला. लिनस्टेडच्या बाजारावरील लोकगीतांत, ॲकीचीं फळें बाजारांत नेऊनही शनिवारीं रात्रीं कांहींच न खपल्यामुळें मुलांच्या काळजीनें कळवळणारी आई भेटते. या धंद्याची सारी कथा त्या एका आईच्या पाटींत आहे. पुढें मळ्यांवर मजूर हवे म्हणून १८४५ पासून हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर नेण्यांत आले. त्यांची संख्या एकंदर सुमारें ३६,००० भरली. इंग्रजांची सारण भरलेली पेस्टी, या मजुरांचा हळद-मसाला आणि बेटावरची जहाल स्कॉच बॉनेट मिरची यांच्या मिलाफांतून जमेकाची प्रसिद्ध ‘पॅटी’ झाली, असें मानतात.

१९८५ सालीं कॅनडाच्या सरकारी तपासनिसांनीं टोरँटोंतील विक्रेत्यांना बजावलें, कीं नियमाप्रमाणें पॅटी म्हणजे केवळ मांसाची वडी. तुमच्या कणकेच्या पदार्थाला ‘गोमांसाची पॅटी’ म्हणतां येणार नाहीं. विक्रेते हटले नाहींत. अखेर ‘जमेकन पॅटी’ हें नांव मान्य झालें. बाहेरच्यांस हा वाद क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यांच्या पूर्वजांची खरीं नांवें मळ्याच्या वहींत कोणी टिपून ठेवलीं नाहींत, त्यांनीं आपल्या पदार्थाच्या नांवासाठीं सरकारशीं भांडावें, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

धन्याच्या कंजुषीचें फळ गुलामांनीं गोड करून घेतलें, म्हणून ती कंजुषी क्षम्य ठरत नाहीं. पंधरा हजार मृतांचा हिशेब कोणत्याही चवीनें फिटणारा नव्हे. तथापि मळे, ऊस, काळ आणि श्रम हीं सारीं दुसऱ्याच्या मालकीचीं असतां, चूल तेवढी या लोकांनीं आपली ठेवली. त्या चुलीवरचें अन्न आज जमेकाच्या रस्त्यावर कोणीही विकत घेऊन खावें, आणि खातांना तें कोठून आलें एवढें आठवावें.