पेठेचा कौल आणि नगररचनेचा कायदा

पुण्यांतील तांबट आळी, बुरूड आळी हीं नांवें पाहून, पेशवाईंत जमिनीच्या वापराचे सरकारी विभाग ठरलेले होते, असें अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु नांवावरून तेवढें सिद्ध होत नाहीं. पेठ वसवितांना सरकार कौल देई. येणाऱ्या उदमी-कसबी लोकांस करांत सवलत मिळे. वसाहतीचें काम शेटे-महाजन पाहत. समव्यवसायी शेजारीं राहिल्यानेंही आळी बनते. तेथें इतरांस मनाई होतीच, असें नव्हे.

उलट, १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानें स्थानिक संस्थांस योजना आखून भूखंडांची फेरमांडणी करण्याचा व बांधकामावर निर्बंध घालण्याचा अधिकार मिळाला. १९५४ च्या कायद्यानें संपूर्ण हद्दीचा विकास आराखडा करणें त्यांचें कर्तव्य ठरलें. पुढें १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला. आराखड्यांत निवासी, व्यापारी, औद्योगिक असे विभाग नकाशावरच आंखलेले असतात.

कौलाचा हेतु लोक आणण्याचा. आराखड्याचा, वाढत्या वस्तीस वळण लावण्याचा. जुन्या आळींत प्रत्यक्ष कोण राहत, हें घरांच्या खरेदीखतांतील चतुःसीमांवरून पडताळतां येईल. सबब संग्राहकांनीं हे कागद किरकोळ समजून टाकूं नयेत.