शाळेचे कपाट आणि बडोद्याच्या पेट्या



यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर चार ओळी लिहा, असे आमच्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. सातवी झालेली बाई मी. इतिहास म्हटला की सनावळ्या आठवतात आणि छातीत धडधडते. परंतु एक हकीकत अशी वाचनात आली की ती आपणा सर्वांना सांगितल्यावाचून राहवेना. तीत राजा आहे, पण लढाई नाही. पुस्तके आहेत.

आधी घरचे सांगते. मी ज्या शाळेत शिकले तिथे हेडमास्तरांच्या खोलीत पुस्तकांचे एक कपाट होते. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसत. कपाटाला कुलूप असे आणि तपासणीचे साहेब येत त्या दिवशी ते निघे. मुलांनी पुस्तके फाडली तर भरून कोण देणार, अशी गुरुजींना भीती. त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही. मी सातवी पास झाले, शाळा सुटली, लग्न झाले. नंतर दहा-बारा वर्षांत हातात काही छापील आले असेल तर ते कालनिर्णय आणि वाण्याच्या पुडीचा कागद. मोठा मुलगा पहिलीत गेला तेव्हा त्याचे पुस्तक वाचून दाखवायला बसले, तो ओळीखाली बोट धरल्याशिवाय मला वाचता येईना! एके काळी वर्गात धडा घडाघडा वाचणारी मी. त्या दिवशी फार लाज वाटली.

शिकलेले असे विसरून जाते, हीच काळजी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना लागली होती. महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक जाऊन गादीवर बसले, तोवर अक्षरओळख अशी नव्हतीच. राजवाड्यात एलियट नावाच्या साहेबांनी त्यांना शिकवले. उशिरा शिकलेल्या माणसाला अक्षराची किंमत अधिक कळते, असे मला आपले वाटते.

१८९३ साली महाराजांनी अमरेली भागात सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू करून पाहिले आणि १९०६ साली साऱ्या संस्थानाला तो कायदा लावला. मूल शाळेत धाडले नाही तर आईबापांना दंड. मुलग्यांना वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्ती होती, मुलींना मात्र दहाव्यापर्यंतच. म्हणजे मुलगी वाचायला लागते न लागते तोच तिची पाटी फळीवर जायची. पुढे गावात पुस्तकच नसेल तर ती तीन वर्षांची शिकवणी किती दिवस टिकणार?

महाराजांनी अमेरिकेत फिरताना तिथली लोकांसाठी खुली असलेली ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी तिथल्या न्यू हेवन गावचे ग्रंथपाल बॉर्डन यांना बडोद्यास बोलावून घेतले. ते १९१३ पर्यंत राहिले. महाराजांच्या संग्रहातील पुस्तके देऊन बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे झाले. त्यात बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय केली. मुलांच्या दालनात तर पुस्तकांबरोबर खेळही मांडलेले असत. खेळायला आलेले मूल केव्हा तरी पुस्तक उचलणारच! आपण लहान मुलाला गोष्टीच्या नादाने घास भरवतो, तसेच हे.

मला मात्र सगळ्यांत मन भरून आले ते पेट्यांचे वाचून. लहान खेड्यांना ग्रंथालय कुठून परवडणार? म्हणून मजबूत लाकडी पेट्या करून त्यांत पुस्तके भरत आणि गावोगाव पाठवत. नेण्या-आणण्याचे भाडे सरकार देई, वाचणाऱ्याला एक पैसा पडत नसे. गावातला कोणी जबाबदार माणूस, पुष्कळदा शाळेचे मास्तरच, पेटी सांभाळीत. गावाने वाचून झाली की ती परत जाई आणि दुसरी येई. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नवर चित्रे दाखवण्याची सोयही याच खात्याने केली होती.

गावाला स्वतःचे वाचनालय हवे असेल तर खर्चाचा एक वाटा लोकांनी जमवायचा, एक स्थानिक पंचायतीने आणि एक सरकारने द्यायचा. फुकट सारे दिले नाही, हे मला फार पटले. आपल्या मंडळाची भिशी काय निराळी आहे? स्वतःचे दोन पैसे गुंतले की माणूस वस्तू जपतो.

राजाने हुकूम काढला आणि सारे झाले, असे मात्र नव्हे. वसो गावचे मोतीभाई अमीन यांनी विद्यार्थी असतानाच सोबत्यांना घेऊन छोटे वाचनालय काढले होते. पुढे शिक्षक झाल्यावर मित्रमंडळाच्या नावाने त्यांनी गावोगाव वाचनालये उघडली आणि बॉर्डनसाहेबांच्या कामाला हात दिला. शाळकरी पोराने लावलेले रोप होते ते! श्री सयाजी साहित्यमाला आणि बालज्ञानमाला यांतून मराठी-गुजराती सोपी पुस्तकेही छापून घेतली, कारण नुसत्या रिकाम्या पेट्या पाठवून काय करायचे?

आता आपल्याकडे पाहू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टीची पुस्तकेही असावीत, असे लिहिले आहे. गोष्टीची पुस्तके हा शब्द कायद्यात आला, हे वाचून मला बरे वाटले. पण कपाट असणे निराळे आणि ते उघडे असणे निराळे.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही तिघीजणी दर शनिवारी जवळच्या शाळेत जाऊन तिथले कपाट उघडतो आणि मुलांना पुस्तके घरी नेऊ देतो. हेडमास्तरीणबाईंनी किल्ली विश्वासाने दिली, त्यांचे आभार. आजवर दोन पुस्तके हरवली आणि एकाची पाने सुटली, ती खळीने चिकटवली. परवा चौथीतल्या एका मुलीने पुस्तक परत आणले, त्यावर हळदीची बोटे उमटलेली. मी जरा रागावले. ती खाली मान घालून म्हणाली, “काकू, मी नाही केलं. आई फोडणी देता देता वाचत होती.”

तिच्या आईला आता मोठ्या अक्षरांचे पुस्तक हवे आहे. आमच्या कपाटात तसे एकही नाही. कोणा भगिनीच्या घरी असेल तर शनिवारी साडेदहाच्या आत शाळेत आणून द्यावे.