बिने-कामत कसोटी
मुलांच्या बुद्धिमापनाची मराठी व कन्नड कसोटी. शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी बिने व सिमॉन यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमापन श्रेणी तयार केली. तिच्या स्टॅनफर्ड आवृत्तीवरून व्ही. व्ही. कामत यांनी ही कसोटी बेतली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की बुद्ध्यंक मिळतो : दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय आठ असल्यास ८०.

कामतांचे मोठेपण त्यांनी मुलाची भाषा व परिसर मोजमापात आणला, यात आहे. मात्र प्रमाणके जुनी झाली की बुद्ध्यंक फुगून येतो, आणि हा दोष गंभीर आहे. बंगळुरूच्या बेळ्ळंदूरसारख्या बहुभाषिक वस्तीत घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि अंगणात कन्नड बोलणाऱ्या मुलाला कसोटी कोणत्या भाषेत दिली, यावरही गुण हलतात. शब्दसंग्रह, स्मरण, तर्क यांचा अंदाज ती देते. कल्पकता किंवा हातातले कसब तिच्या कक्षेबाहेर राहते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील बौद्धिक अक्षमतेची व्याख्या दैनंदिन व्यवहारक्षमताही विचारात घेते, हे योग्यच होय.