पद्धतीच्या नावात नसलेले कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी म्हटलं की आपल्याला इतिहासकार आठवतो. पण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असताना, 1943 साली, त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. बेभरवशाचे चढउतार ठरावीक आकारांच्या बेरजेत कसे मांडायचे, हा त्याचा विषय. पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हेच मांडलं आणि जगभर नाव त्यांचंच रूढ झालं.

ही पद्धत काटकसरी आहे. मोठा वाटा असलेले आकार ठेवायचे, किरकोळ सोडून द्यायचे. अट एकच: चढउतारांचा परस्परसंबंध आधी माहीत हवा. पुलाखालच्या मातीचा तो मोजता येतो. पण पूल किती खचेल, हे तर स्टोकॅस्टिक समीकरण सोडवूनच शोधायचं असतं. तिथे नॉर्बर्ट वीनर यांची 1938 ची बहुपदींची मांडणी कामी येते. तिला उत्तराची आगाऊ माहिती लागत नाही. 1991 मध्ये घानेम आणि स्पॅनोस यांनी आपल्या पुस्तकात दोन्ही जोडल्या: मातीसाठी पहिली, उत्तरासाठी दुसरी.

वीनरची वाट महाग मात्र आहे. 10 अनिश्चित घटक असतील तर तिसऱ्या घातापर्यंत 286 पदं होतात. 20 असतील तर 1771. म्हणून आधी घटकच कमी करावे लागतात, आणि त्यासाठी आजही कोसंबींनी दाखवलेलीच रीत वापरतात.