पेट्रोलचा काटा खोटें कां बोलतो

टाकींत पेट्रोल किती उरलें आहे हें सांगण्याची जबाबदारी मोटारीनें फार उशिरां पत्करली. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ मोटारीची टाकी बहुधा पुढच्या बैठकीखालीं असे. मालकानें उतरावें, गादी उचलावी, झांकण उघडून लांकडी पट्टी बुडवावी आणि ओली खूण पाहावी, असा प्रघात होता. प्रकार गांवठी खरा. पण पट्टीला खोटें बोलतां येत नसे. १९२७ च्या अखेरीस आलेल्या ‘ए’ मोटारीची टाकी समोरच्या कांचेपुढें बसविली गेली, आणि पेट्रोलवर तरंगणारें बूच चालकाच्या डोळ्यांसमोरील खूण फिरवूं लागलें. फोक्सवॅगननें मात्र आपल्या छोट्या मोटारीस १९६१ पर्यंत काटा दिलाच नाहीं. राखीव पेट्रोलची तोटी तेवढी दिली.

इतर मोटारींत टाकी मागें गेली, आणि ती व काटा यांच्यामध्यें विजेची लांब तार आली. योजना सोपी आहे. टाकींत तरंगणारा पोकळ पितळी डबा एक दांडी वरखालीं करतो. ती तारेच्या वेटोळ्यावर सरकली कीं विजेला होणारा अडथळा कमीजास्त होतो, व त्या मानानें काटा हलतो. परतीचा प्रवाह गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून जातो. टाकी गंजली, रंगविली किंवा रबरावर बसविली, कीं सांगाड्याशीं असलेली ही जोड बिघडते. आणि घोटाळ्याचें मूळ पुष्कळदां तेथेंच असतें.

१९२८ पासून मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्सच्या मोटारी जोडल्या जाऊं लागल्या. त्या घराण्यांतील शेव्हरोलेटच्या जुन्या विजेच्या काट्याची रीत अशी कीं, टाकी रिकामी असतां अडथळा शून्य, भरली असतां अधिक. १९६० च्या सुमाराच्या फोर्डमध्यें नेमकें उलट. म्हणून जोड बिघडली असतां फोर्डचा काटा ‘रिकामी’ म्हणतो, शेव्हरोलेटचा ‘भरली’. पहिलें खोटें फार तर पंपापर्यंत उगाच हेलपाटा घालावयास लावतें. दुसरें अपरात्रीं घाटांत मोटार उभी करतें.

परीक्षा करतांना टाकीजवळ ठिणगी पडतां कामा नये. म्हणून आधीं कळ बंद करावी, टाकीवरची तार सोडवून सांगाड्याच्या स्वच्छ धातूला घट्ट जोडावी, आणि मगच कळ फिरवावी. शेव्हरोलेटचा काटा ‘रिकामी’ दाखवील, फोर्डचा ‘भरली’कडे धांवेल; फोर्डची कळ क्षणांत बंद करावी, नाहीं तर जादा प्रवाहानें यंत्र जळावयाचें. काटा असा हलला तर तो व तार दोन्ही निर्दोष. तरीही नवा काटा विकत घेणारे पुष्कळ आहेत! नंतर पहिली तार जागेवर लावून टाकीपासून सांगाड्यापर्यंत एक वेगळी तार जोडून पाहावी. काटा ताळ्यावर आला, तर काम तेथेंच संपलें.

न आल्यास डबा बाहेर काढून कानाशीं हलवावा. आंत पेट्रोल डचमळलें, कीं सूक्ष्म छिद्र पडून तो बुडाला असें समजावें. तो काटा दोन्ही घराण्यांत सदैव ‘रिकामी’च म्हणतो. डाग देण्याच्या भरीस न पडतां डबा बदलावा, कारण आंतल्या वाफेला ऊब पुरते. जुन्या बुचाचें दुखणें निराळें. त्यावर पुष्कळदां लाखेचा लेप असतो, आणि लाख मद्यार्कांत विरघळते. म्हणून आजच्या मद्यार्कमिश्रित पेट्रोलमध्यें असें बूच टिकत नाहीं.