नाताळचा फराळ

नाताळ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आलेला आहे असे सांगितले म्हणजे वर्गातली मुले मास्तरांकडे संशयाने पाहतात. शब्द पोर्तुगीज आहे आणि त्याचा मूळ अर्थ जन्माविषयीचा. 1534 साली गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी ती त्यांच्याकडून जिंकून घेतली. राज्य गेले, शब्द मात्र राहिला आणि पाव, बटाटा, काजू यांच्या संगतीने घाट चढून आमच्या नगरकडे आला. (त्या शहराचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या घरात अजून नगरच म्हणतात.)

गंमत अशी की नगरकडच्या आम्हा ख्रिस्ती माणसांचा पोर्तुगीजांशी काडीचा संबंध नाही. आमच्याकडे आले ते अमेरिकन मिशनरी. त्यांचे पहिले लोक 1813 साली मुंबईत उतरले आणि 1831 साली नगरला त्यांचे ठाणे बसले. 1842 साली त्यांनी तिथे 'ज्ञानोदय' सुरू केला. मग आमच्या घरातला नाताळ त्यांनी शिकवला म्हणावे, तर तेही जमत नाही. हे मिशनरी न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले, आणि त्या परंपरेचे नाताळशी वाकडे होते! मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत 1659 साली कायदाच झाला होता की, जो कोणी त्या दिवशी काम बंद ठेवील, मेजवानी करील किंवा अन्य रीतीने नाताळ पाळील त्याला पाच शिलिंग दंड. शास्त्रात या दिवसाला आधार नाही आणि सणाच्या नावाखाली दारू व दंगा माजतो, अशी त्यांची तक्रार. कायदा 1681 साली रद्द झाला, पण नावड लवकर गेली नाही. त्या राज्यात नाताळची सरकारी सुट्टी व्हायला 1856 साल उजाडले. म्हणजे ज्यांच्या पणजोबांनी करंजी तळली असती तर दंड भरावा लागला असता, त्यांच्या हातून आम्ही बाप्तिस्मा घेतला, आणि घरी येऊन कढई चढवली!

मग ही कढई कुणाची? मी इतिहासाचा पंडित नव्हे. शाळामास्तर आहे, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण हा प्रश्न लहानपणापासून डोक्यात आहे, कारण दोन्हीकडून टोमणे ऐकले आहेत. शेजारपाजारचे म्हणत, "फराळ आमचाच करता की!" आणि परगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी तर आमच्या ओट्यावर बसून चकली खाता खाताच सांगितले होते की, विश्वासणाऱ्यांनी दिवाळीचे पदार्थ करणे बरे नव्हे. चकली त्यांनी पुरी संपवली, हे नमूद केले पाहिजे.

तो आठवडा म्हणजे घरात नुसती धांदल. भाजणी दळून येई, खोबरे किसले जाई. एक दिवस शंकरपाळ्यांचा, एक चकल्यांचा, एक करंज्यांचा. करंज्यांना आत्या, चुलत्या, शेजारची एखादी मुलगी अशा चारपाच जणी लागत. दिवाळीतला आकाशकंदील माळ्यावरून उतरे आणि त्याच्याशेजारी कागदी चांदणी टांगली जाई. रात्री गाणारी मंडळी ढोलकी, झांजा घेऊन दारोदार येत. त्यांना चहा आणि चिवडा ठरलेला. नानकटाईचे सामान डब्यात भरून भट्टीवर न्यायचे, नंबर लावून बसायचे आणि पत्रे मोजून घ्यायचे, हे काम पोरांचे. केक घरीच होई. जाड पातेल्यात वाळू घालायची, तीत भांडे ठेवायचे, झाकणावर निखारे. तो एका बाजूने हमखास करपे, आणि ती बाजू कोणी खायची यावरून भांडणे होत. पंचवीस तारखेला उपासना, मग मटण, मग पाहुण्यांची रीघ, आणि एकतीसच्या मध्यरात्रीच्या उपासनेपर्यंत चूल विझत नसे.

या साऱ्यात साहेबाचा वाटा कुठला? केकचा. बाकी सारे इथले. गोव्यातही हेच दिसते. तिथे धर्मन्यायालयाचा अंमल 1560 ते 1812, मध्ये काही वर्षे सोडून, चालला. 1736 च्या एका फर्मानाने तर नवख्रिस्ती घरांतल्या कितीतरी जुन्या चालींवर बंदी घातली. तरी नेवरी हिंदूंच्या घरी राहिली आणि ख्रिस्त्यांच्या घरीही. आणि दिवाळीच्या फराळाला तरी निर्भेळ कोण म्हणेल? चिवड्यातली मिरची, शेंगदाणा आणि काजू ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली.

पण नगर जिल्ह्याची गोष्ट गोव्याहून निराळी आहे, आणि मला सांगायची आहे ती हीच. आमच्याकडे 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ पडला, पुढे 1896 चा, मग 1899 चा. या वर्षांच्या आसपास महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यात आमचेही. 'पोटासाठी बाटले' हा शब्द तेव्हापासून आमच्या मागे आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना सोवळ्याओवळ्याशी त्यांनी दिलेला झगडा ठाऊक असेल. पण तो झगडा स्वयंपाकघराच्या आतून दिलेला होता. आमची माणसे स्वयंपाकघराच्याच नव्हे, गावकुसाच्याही बाहेर होती. आजी सांगे, तिच्या आजीला करंजी ठाऊक होती ती दिवाळीच्या चौथ्या दिवशी, वरून पदरात टाकलेली. बहुधा मोडकी, सारण सांडलेली. करंजी भाजतात की तळतात हेसुद्धा तिला माहीत नव्हते.

म्हणून 'दिवाळीची नक्कल' हा शब्द मला बोचतो. ज्या सणाच्या ताटावर आम्ही कधी बसलोच नाही त्याची नक्कल कशी करणार? मिशनच्या शाळेत शिकून एखादा मास्तर झाला, एखादी परिचारिका झाली, महिन्याचा पगार घरात आला, तेव्हा त्या बाईने पहिल्यांदा स्वतःच्या तुपात स्वतःची करंजी तळली. ती तिने दिवाळीला न करता नाताळला केली, कारण सण म्हणून तिच्या मालकीचा तो एकच दिवस होता.

आणि ती करंजी ताटात घालून, वर विणलेला रुमाल झाकून, शेजारी पाठवली. माझ्या लहानपणी आमची आजी असे सात ताट पाठवी. त्यांतले एक समोरच्या काकूंकडे जाई. काकू हसून घेत, दिवाळीला त्यांचेही ताट येई. पण आमचा फराळ त्यांच्या गाईपुढे जातो हे आम्हा पोरांना माहीत होते, आणि आजीला आमच्याआधी माहीत होते. मी एकदा चिडून म्हणालो, "मग पाठवतेस कशाला?" ती म्हणाली, "गाय तर खाते ना!" आणि दुसऱ्या वर्षी ताट गेलेच.

पुढे किती वर्षांनी ते आठवत नाही, पण दिवाळीला दोन दिवस उरले असताना काकू आमच्या दारात आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या करंजीला पदर सुटतात ते कसे हो? माझी कडक होते." म्हणजे निदान एक तरी करंजी गाईच्या वाटणीतून वगळली गेली होती! आजीने साट्याचे सांगितले: तांदळाची पिठी आणि तूप हलके होईपर्यंत फेसायचे, पोळ्यांना लावून एकावर एक ठेवायच्या, गुंडाळी करून कापायची. काकूंना ते नीट कळेना. शेवटी म्हणाल्या, "तुम्हीच या ना करून दाखवायला."

आजी लाटणे घेऊन गेली ती तिन्हीसांजेला परत आली. आम्ही सगळे वाट पाहत होतो. तिने पाय धुतले, चहा मागितला आणि म्हणाली, "तूप चांगलं आहे त्यांच्याकडे. हात मात्र जड आहे."