मोटार विम्यातील ग्राहक-तंट्यांचा इतिहास : रद्द पॉलिसी व नाकारलेले दावे यांच्या विशेष संदर्भात (१९३९ ते २०२२)

प्रस्तावना

आयुर्विमा किंवा घराचा विमा माणूस स्वतःच्या इच्छेने घेतो. वाहनाचा त्रयस्थ पक्ष विमा मात्र कायद्याच्या सक्तीने घ्यावा लागतो. तो नसेल तर वाहन रस्त्यावर आणणे हाच अपराध ठरतो. त्यामुळे विमा कंपनीने दावा नाकारला किंवा पॉलिसी रद्द केली, तर तो प्रश्न केवळ दोन पक्षांमधील कराराचा उरत नाही. नागरिकाने सक्तीने केलेल्या करारातून कंपनी केव्हा व कोणत्या मार्गाने बाहेर पडू शकते, आणि ती बाहेर पडल्यावर नुकसानीचा भार कोणी सोसायचा, असे दोन प्रश्न त्यातून उभे राहतात. भारतातील मोटार विम्याचा इतिहास बऱ्याच अंशी या दोन प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास आहे.

मोटारीची पॉलिसी एकाच कागदावर असली तरी तिच्यात दोन स्वतंत्र हमी असतात. पहिली हमी रस्त्यावरील त्रयस्थ व्यक्तीसाठी, तर दुसरी वाहनमालकाच्या स्वतःच्या नुकसानीसाठी. या दोन हमींना कायद्याने व न्यायालयांनी वेगवेगळे न्याय लावले. या भेदाचा कालानुक्रमे मागोवा घेणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१. सक्तीच्या मोटार विम्यात पॉलिसी रद्द होण्यासंबंधीच्या तरतुदींचा विकास तपासणे.
२. ग्राहक संरक्षण कायद्यामुळे विमाधारकाच्या स्थानात झालेला बदल अभ्यासणे.
३. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमुख निकालांतून दिसणारी दिशा स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. मूळ अधिनियम, त्यांतील दुरुस्त्या व सर्वोच्च न्यायालयाचे निकाल हा अभ्यासाचा आधार आहे. निकालांचा निर्देश वर्षाने केला आहे.

सक्तीच्या विम्याचा उगम

ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा झाला. त्याच धर्तीवर भारतात मोटार वाहन कायदा, १९३९ मध्ये आठवे प्रकरण घालण्यात आले. त्याची अंमलबजावणी मात्र लांबली आणि १ जुलै १९४६ पासून ती सुरू झाली. या प्रकरणातील कलम ९६ विशेष महत्त्वाचे होते. पॉलिसी रद्द करण्याचा कंपनीला अधिकार असला, किंवा तिने ती रद्द केलेली असली, तरी त्रयस्थ पक्षाच्या बाजूने झालेल्या हुकूमनाम्याची रक्कम कंपनीने भरावी, असा त्याचा सर्वसाधारण नियम होता. कंपनीला बचाव करता येईल अशी मोजकी कारणे त्याच कलमात नमूद होती. अपघातापूर्वी पॉलिसी रद्द झालेली असणे हे त्यांपैकी एक कारण होते. तथापि, तेवढे पुरेसे नव्हते. विम्याचे प्रमाणपत्र कंपनीकडे परत आलेले असणे, किंवा ते रद्द करून घेण्याची कार्यवाही कंपनीने ठरलेल्या मुदतीत सुरू केलेली असणे आवश्यक होते. ज्या कागदाच्या आधारे वाहन रस्त्यावर फिरते, तो कागद मालकाच्या हाती ठेवून कंपनीला जबाबदारी झटकता येणार नाही, असा यामागील विचार दिसतो.

१९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. पुढे १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कलमात नमूद असलेल्या कारणांखेरीज अन्य कोणताही बचाव कंपनीला घेता येणार नाही. यामुळे कारणांच्या त्या यादीला निर्णायक महत्त्व आले. यादीत काय आहे आणि काय नाही, यावर पुढील अनेक दशके वाद होत राहिले.

हप्ता आधी, जोखीम नंतर

विमा कायदा, १९३८ मध्ये १९६८ च्या दुरुस्तीने कलम ६४ व्हीबी समाविष्ट झाले. हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनीने जोखीम पत्करू नये, हे त्याचे सूत्र होते. हप्ता रोखीने अथवा धनादेशाने भरल्याच्या तारखेपूर्वी जोखीम सुरू होत नाही; टपालाने धनादेश पाठविल्यास तो टपालात टाकल्याच्या तारखेपासून जोखीम पत्करता येते, असे त्यात नमूद आहे. उधारीवर विमा देण्याच्या प्रथेला यामुळे पायबंद बसला. परंतु धनादेश स्वीकारला, पॉलिसीही दिली आणि नंतर धनादेश वटलाच नाही, तर काय, या प्रश्नाचे थेट उत्तर या कलमात नव्हते.

१ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि १०७ विमा संस्था चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. कंपनी सरकारी झाल्याने ग्राहकाच्या तक्रारी संपल्या नाहीत. त्यांना दाद मागण्यासाठी दिवाणी न्यायालयाचा दीर्घ व खर्चिक मार्गच उपलब्ध होता.

ग्राहक म्हणून विमाधारक

महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले आणि ग्राहकाच्या हक्कांची भाषा सार्वजनिक जीवनात रुजू लागली. ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ मध्ये ‘सेवा’ या संज्ञेच्या व्याख्येत विम्याचा स्पष्ट उल्लेख झाला. परिणामी दावा विनाकारण नाकारणे ही ‘सेवेतील त्रुटी’ ठरू शकते, असे तत्त्व प्रस्थापित झाले. १९९८ च्या नियमांनी विमा लोकपालाची यंत्रणा आली. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक व विकास प्राधिकरणाला वैधानिक दर्जा मिळाला व त्यानंतर खासगी कंपन्यांना प्रवेश खुला झाला. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे हप्ते ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळाले. त्रयस्थ पक्ष विम्याचे दर मात्र नियंत्रित राहिले. दोन हमींमधील भेद असा बाजारपेठेतही उतरला.

न वटलेला धनादेश : एक प्रश्न, दोन उत्तरे

मोटार वाहन कायदा, १९८८ ने जुन्या कायद्याची जागा घेतली. त्याच्या कलम १४९ मधील बचावाच्या यादीतून ‘पॉलिसी रद्द झालेली असणे’ हे कारण वगळले गेले. या बदलाचे महत्त्व १९९८ च्या निकालात दिसते. एका बसची पॉलिसी ३० नोव्हेंबर १९८९ रोजी दिली गेली. हप्त्याचा धनादेश वटला नाही. कंपनीने जानेवारी १९९० मध्ये मालकाला तसे पत्राने कळविले. १९ एप्रिल १९९० रोजी अपघात होऊन समोरच्या मालमोटारीचा चालक मरण पावला. हप्ता त्यानंतर, मे महिन्यात रोखीने भरला गेला. सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला भरपाई देण्याची जबाबदारी कंपनीवरच ठेवली. हप्ता हाती येण्यापूर्वी पॉलिसी देऊन कंपनीने स्वतःला बांधून घेतले होते. तिचे जे काही गाऱ्हाणे असेल ते मालकाविरुद्ध होते, त्रयस्थाविरुद्ध नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

२००१ च्या निकालात प्रश्न तोच होता, परंतु दावेदार निराळे होते. डिसेंबर १९९३ मध्ये मोटारीचा विमा उतरविणारा मालक त्याच महिन्याच्या अखेरीस अपघातात मरण पावला. धनादेश न वटल्याने कंपनीने जानेवारी १९९४ मध्ये पॉलिसी रद्द केली. मालकाच्या वारसांनी गाडीच्या नुकसानीची भरपाई मागितली. येथे न्यायालयाने करार कायदा, १८७२ मधील परस्पर वचनांच्या तत्त्वाचा आधार घेतला. एका पक्षाने मोबदला दिलाच नाही, तर दुसऱ्यावर वचन पाळण्याचे बंधन राहत नाही, असे ठरवून दावा फेटाळला गेला. पॉलिसी हातात असूनही त्रयस्थाच्या कुटुंबाला संरक्षण मिळाले आणि ग्राहकाच्या कुटुंबाला मिळाले नाही.

२००८ मध्ये आणखी एक पायरी गाठली गेली. त्या प्रकरणात कंपनीने अपघातापूर्वीच पॉलिसी रद्द करून मालकाला व प्रादेशिक परिवहन कार्यालयाला कळविले होते. न्यायालयाने कंपनीला कायदेशीर जबाबदारीतून मुक्त केले. मात्र संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून भरपाई आधी कंपनीने द्यावी व नंतर मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. २०१२ च्या निकालाने नियम निश्चित केला : रद्द केल्याची सूचना अपघातापूर्वी मालकापर्यंत पोहोचली असेल तरच कंपनीची त्रयस्थाप्रती जबाबदारी संपते. त्या प्रकरणात पॉलिसी अपघातानंतर रद्द झाली होती, म्हणून कंपनी जबाबदार ठरली. वादाचा केंद्रबिंदू अशा रीतीने हप्त्यावरून सूचनेकडे सरकला.

नाकारलेले दावे : अट आणि तिचे प्रयोजन

पॉलिसी वैध असतानाही अटींच्या भंगाचे कारण देऊन दावे नाकारले गेले. चालकाच्या परवान्याविषयी २००४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरविले की, परवाना सदोष होता एवढे दाखविणे पुरेसे नाही; मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने अट मोडली, हेही कंपनीने सिद्ध केले पाहिजे. २००८ मध्ये खासगी मोटार भाड्याने वापरली जात असताना चोरीस गेल्याच्या प्रकरणात संपूर्ण दावा नाकारणे न्यायालयाला मान्य झाले नाही; ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश कायम राहिला. वापराच्या अटीचा चोरीशी कार्यकारणसंबंध नव्हता, हे त्यामागील सूत्र होय.

चोरीची वर्दी कंपनीला उशिरा दिली, हे दावा फेटाळण्याचे आणखी एक प्रचलित कारण होते. सप्टेंबर २०११ मध्ये नियामक प्राधिकरणाने परिपत्रक काढून, केवळ विलंबाच्या कारणावरून खरे दावे नाकारू नयेत, असे कंपन्यांना सांगितले. तरीही तंटे सुरूच राहिले. अखेर २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एका ट्रॅक्टरच्या चोरीच्या प्रकरणात निर्णय दिला. पोलिसांत फिर्याद तत्काळ नोंदविली असेल व चोरी खरी असेल, तर कंपनीला कळविण्यातील विलंब हे दावा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. अट ही तिच्या प्रयोजनाच्या प्रकाशात वाचावी, ही भूमिका येथे स्पष्ट झाली.

२०१९ ची दुरुस्ती

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील विम्याविषयीचे नवे प्रकरण १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. नव्या कलम १५० मधील बचावाच्या यादीत, विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता न मिळणे, या कारणाची प्रथमच भर पडली. १९९८ च्या निकालाच्या वेळी हे कारण यादीत नव्हते. धनादेश न वटल्यास त्रयस्थ पक्षाला मिळणाऱ्या संरक्षणाचा प्रश्न यामुळे कायद्याच्या पातळीवर पुन्हा खुला झाला आहे. १९३९ मध्ये रद्द पॉलिसीला असलेले स्थान १९८८ मध्ये गेले आणि २०१९ मध्ये ते निराळ्या नावाने अंशतः परत आले, असे म्हणता येते.

निष्कर्ष

१. त्रयस्थ पक्षाचे संरक्षण सामाजिक कायद्याच्या अंगाने विकसित झाले. ग्राहक-मालकाचा हक्क मात्र कराराच्या चौकटीतच राहिला.
२. ‘आधी द्या, मग वसूल करा’ या सूत्राने अपघातग्रस्ताला दिलासा मिळाला, परंतु अंतिम भार विमाधारकावर पडला. ज्याचा विमा होता, तोच अखेरीस ऋणको ठरला.
३. अटभंगाच्या तंट्यांत ग्राहकाची स्थिती २००४ ते २०२० या काळात निश्चितपणे सुधारली. हप्ता व रद्द पॉलिसीच्या तंट्यांत ती सुधारली नाही.
४. १९३९ च्या कायद्याने पॉलिसी रद्द करताना प्रमाणपत्र परत घेण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली होती. विमा सक्तीचा असेपर्यंत, तो संपल्याचे विमाधारकास निःसंशय कळविण्याचा भारही कंपनीवरच असणे न्याय्य आहे. नव्या तरतुदीचा अर्थ लावताना हे जुने तत्त्व दृष्टीआड होऊ नये.